शेंदूर लावलेले दात

गोवर्धनभाऊंना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमचं शिक्षण किती?" ते म्हणाले, "बावीस विहिरी." मला राग आला होता. सरळ उत्तर द्यायला काय जातं माणसाचं?

मी अकोल्याची, नवी इंजिनिअर, तोंडानं फटकळ. ते चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यातले. घरचा भाजीपाल्याचा मळा धाकट्या भावाकडं सोपवून तरुणपणी विहिरी खोदायला लागले. पहार आणि छिन्नी घेऊन काळ्या पाषाणात उतरायचे. आता छप्पन्नाव्या वर्षी आमच्या कंपनीचं चर खोदायचं यंत्र चालवत होते. पाण्याची पाइपलाइन टाकायची होती आणि वरची काळी माती संपली की खाली सगळा खडकच. यंत्राच्या मोठ्या चाकावर साठ दात. प्रत्येक दात आपल्या खोबणीत सैल असतो, कापता कापता स्वतःभोवती फिरतो, म्हणून सगळ्या अंगांनी सारखा झिजतो. गोवर्धनभाऊ रोज सकाळी साठच्या साठ दात बोटानं फिरवून बघायचे. मी घड्याळ बघायची.

"दात बोथट झाला का खोल उतरायचं नाई," ते सांगायचे. "खडकाले जितकं दाबसान तितकं तो उलटून दाबते."

माझ्या पुस्तकातही हेच होतं, फक्त आलेख काढून. झिजलेल्या दाताला जास्त जोर लागतो, त्यात खोली वाढवली की आणखी जास्त. परीक्षेत त्यावर मी पैकीच्या पैकी मिळवले होते. कामावर मात्र सोयीस्कर विसरले.

खांडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या फिटरनं, नितेशनं, सगळे दात नवे बसवले. दुसऱ्या दिवशी गोवर्धनभाऊंनी यंत्राला झेंडूचा हार घातला आणि साठही दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला, पार खोबणीपर्यंत, अगदी मनापासून. दोन दिवस यंत्र बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दात फिरवून बघितले नाहीत. पूजेचा शेंदूर पुसला गेला असता ना!

काम मागं पडलं होतं. मी म्हणाले, "एका खेपेला चार इंच उतरता, आता सात उतरा. दात नवे आहेत."

"मॅडम, दोन-चार दिवस चारच राहू द्या. दात कसे चालून राहिले, पाहू."

"किती घाबरता हो!"

त्यांनी मुकाट्यानं सात इंच उतरवले. पाचव्या दिवशी कडाड्कन चाकाचा शाफ्ट मोडला.

मोठे साहेब अमरावतीहून आले. दात काढून बघितले, तर सगळे एकाच अंगानं झिजून चपटे झालेले. साहेबांनी नितेशला धरलं. "हलका माल बसवलास. चांगले दात कुठं विकलेस?" नितेश दोन लेकरांचा बाप, त्याला तिथल्या तिथं घरी जायला सांगितलं.

तेव्हा गोवर्धनभाऊ पुढं झाले. एका खोबणीतून त्यांनी वाळलेला शेंदूर नखानं खरवडला आणि तळहातावर घेऊन साहेबांपुढं धरला.

"नितेशचा कसूर नाई, साहेब. शेंदूर मी लावला. तो आत वाळला, दात फिरायचे बंद झाले. अन् मी तपासलंबी नाई."

साहेबांनी नितेशला ठेवलं आणि गोवर्धनभाऊंना काढलं. सात इंचांबद्दल कोणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. एरवी कोणाचं न ऐकणारी माझी जीभ त्या दिवशी गप्प बसली.

संध्याकाळी ते आपला डबा आणि दुपट्टा पिशवीत भरत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

"काहून घेऊ? तुमाले मालूम हाय, मले मालूम हाय. तुमची नौकरी आत्ता कुठं लागली."

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. मी तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर साहेबांना लिहायला घेतलं: खोली मीच वाढवायला लावली, ते नको म्हणत होते, चार इंचांवर शाफ्ट टिकला असता, गोवर्धनभाऊंचा काही दोष नाही. पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवलं.

"शेवटचं खोडा," ते म्हणाले. "शेंदूर मीच लावला. अर्धी चूक माह्यी हाय, ते माह्यीच राहू द्या."

मी ते वाक्य खोडलं आणि पाठवलं. साहेब दोघांनाही भरपूर बोलले. मला कायम करायचं सहा महिने लांबलं. गोवर्धनभाऊंची जागा राहिली.

यंदा खांडेनवमीला त्यांनी यंत्राला नुसता हार घातला. पूजेला पाटावर एकच दात मांडला होता, एका अंगानं झिजलेला, गेल्या वर्षीचा. मी मागं उभी होते. त्यांनी वळून शेंदराची वाटी माझ्या हातात दिली.