गोंदाच्या पट्टीवरची पाच नावं

शनिवारी आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये अल्बम निघाला. सात बुंदेली गाणी, पाच मुली, एक सीडी... आणि तिच्या पाकिटावरून झालेलं भांडण. झाँसीत आमची मराठी घरापुरतीच, त्यामुळे बाकीच्यांचं बोलणं ते बोलले तसंच लिहितेय.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. रेकॉर्डिंग माझं, मिक्सिंग माझं आणि पाकिटाचं डिझाइनही माझंच. मुख्य आवाज रेखाचा. ती फर्स्ट इयरला, मूळची गुरसरायची, इथे प्रेम नगरात मामीकडे राहते.

तिच्या घरून अट होती, फोटो छापायचा नाही. मग मी तिच्या सगळ्यात लांब सुराचा ग्राफ काढला आणि तोच कव्हरवर घेतला. म्युझिक क्लबचे सर म्हणाले, "ये क्या है, ईसीजी? हार्ट पेशेंट का एल्बम है क्या?" सगळे हसले. मी हसले नाही. ग्राफ राहिला.

रेखाने एकच विचारलं होतं. "जिज्जी, फोटू न सही, नाम तो छपहै न?" गाणं म्हणजे वेळ वाया, असं तिच्या बाबूजींचं मत. कॉलेजच्या वस्तूवर मुलीचं नाव दिसलं तर पुढे गाऊ देणार... नाहीतर हे शेवटचं.

सरांनी मागच्या बाजूला क्लबच्या समितीची अकरा नावं बसवली. सगळ्यात वर स्वतःचं. गाणाऱ्या मुलींना जागाच उरली नाही.

स्क्रीनवर पाकीट उलगडून सपाट दिसत होतं, कडेला वीस मिलिमीटरची कोरी पट्टी. सरांनी तिथे बोट ठेवलं. "ये खाली पड़ी है, लड़कियों के नाम इसमें डाल दो."

मी सांगितलं, सर, ही चिकटवायची पट्टी आहे. घडी घातली की आत जाते, नावं कुणालाच दिसणार नाहीत.

"अरे भई, छप तो रहा है न? अंदर क्या, बाहर क्या!"

मी वाद घातला नाही. नावं पट्टीवर टाकली, शीट छापून आणली, त्यावर सरांची सही घेतली.

मग बिजौलीला गेले. तिथल्या एका छोट्या कारखान्यात औषधांचे खोके बनतात, आमची पाकिटंही तिथेच चिकटवायची होती. पट्टी आत दुमडण्याऐवजी समोरच्या बाजूवर आणली तर? गोंद तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला लागेल, छापलेली बाजू वर राहील. ग्राफ सुरू होण्याआधी कव्हरवर बावीस मिलिमीटर मोकळे होते... मी दोनदा मोजले.

तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने एक पाकीट तसं करून पाहिलं. "बिटिया, दवाई का डिब्बा ऐसे चिपका दूँ तो पार्टी पूरा माल लौटा दे." मग त्याने नावं वाचली. "ये गाने वाली हैं?" मी हो म्हणाले. "तो फिर बाहर ही ठीक हैं."

शनिवारी प्रमुख पाहुण्यांनी पाकीट हातात घेतलं आणि समोर जे दिसलं ते माइकवर वाचायला लागले. पाच नावं, एकेक करून. पहिलं रेखाचं.

सर स्टेजच्या पायऱ्यांशी माझ्याजवळ आले. "ये सामने कैसे आ गए?" मी बॅगेतून सही केलेली शीट काढून दिली. "आपने जिस पट्टी पर कहा था, उसी पर हैं, सर." त्यांनी ती आधी आत दुमडून पाहिली, मग बाहेर.

रेखाचे बाबूजी शेवटच्या रांगेत, झोळा मांडीवर घेऊन बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी पाकीट बराच वेळ उलटंसुलटं पाहिलं. रेखा शेजारी उभी. "अगली बेर कबे है?" त्यांनी तिला पुढच्या वेळेचं विचारलं. "हमें पैलें बता दियो."

मी कुठलाही नियम मोडलेला नाही. सही झालेल्या शीटवर एक अक्षर हललेलं नाही. बिजौलीच्या त्या कारागिराचे मात्र मनापासून आभार, त्याने ग्राहकाचा हुद्दा विचारला नाही, नावं वाचली.

पुढच्या वर्षी डिझाइनचं काम बाहेर देणार, असं सरांनी कळवलंय. जरूर द्या. गोंद कुठल्या बाजूला लावायचा, ते त्या माणसाला मी स्वतः जाऊन सांगेन.