राणीसाहेबांचं पोलकं

तापीकाठच्या आमच्या गावात मी बायकांचे ब्लाउज शिवायची. लग्नानंतर नवऱ्याला सीमेपलीकडे गुजरातेत, एका जुन्या संस्थानिकांच्या बागेवर काम मिळालं आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. राणीसाहेबांचं माहेर मराठी. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून त्यांनी मला आधी फॉल-पिको दिलं, मग पोलकी, आणि हळूहळू त्यांच्या कपड्यांचं सगळं कपाटच माझ्या हाती आलं. जुन्या जरीला हवा देणं, साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालणं, समारंभाच्या दिवशी त्यांना तयार करणं, हे माझं काम झालं.

एका पावसाळ्यात त्या जिन्यावरून पडल्या. हाड सांधलं, पण उजवा खांदा आखडला तो आखडलाच. दसऱ्याच्या दरबारासाठी मी साडी काढायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे. यंदा मी बसणार नाही."

"का, राणीसाहेब?"

"हात वर जात नाही. दोघींनी धरून मला कपडे चढवायचे, हे मला सोसत नाही."

त्यांचं एक जुनं किनखापी पोलकं मी मागून घेतलं आणि घरी जाऊन उसवलं. गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंतची खांद्यावरची शिवण मोकळी केली, म्हणजे हात न उचलता पोलकं अंगावर घेता येईल. वर जरीची पट्टी आणि पट्टीखाली हूक.

त्यांनी घालून पाहिलं. "टोचतंय," एवढंच म्हणाल्या.

मी सगळे हूक काढले आणि चपटी टिचबटणं लावली. साडीच्या निऱ्याही आधीच घालून कमरेच्या पट्ट्याला शिवून टाकल्या. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. आतून कितीतरी वेळ काही आवाज येईना. मग दार उघडलं. पूर्ण तयार होऊन त्या उभ्या होत्या आणि डाव्या हातानं पदर सावरत हसत होत्या.

दरबारानंतर एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "मुंबईच्या कोणत्या डिझायनरकडून करून घेतलंत?"

राणीसाहेबांनी मला पुढे बोलावलं. "ही माझी डिझायनर. नंदुरबारकडची आहे."

तोवर मी स्वतःला शिवणकाम करणारी बाईच म्हणायचे. त्या दिवसापासून डिझायनर म्हणते, आणि म्हणताना लाजत नाही.

पुढे राणीसाहेबांच्याच आग्रहानं मी नंदुरबारला स्वतःचं दुकान टाकलं. नवरीचे घागरेही शिवते, पण लांबून बायका येतात त्या अशा, आपले आपण घालता येणाऱ्या कपड्यांसाठी. कुणाचं छातीचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचा एक हात लुळा असतो.

परवा अक्कलकुव्याच्या, एक हात लुळा असलेल्या बाई लेकीच्या लग्नासाठी शिवलेलं पोलकं घालून बघायला आल्या. लेक मदतीला पुढे झाली तशी त्यांनी तिला अहिराणीत थांबवलं.

"ऱ्हाऊ दे बेटा, मन्हं मी घालस."

आणि पडदा ओढून त्या आत गेल्या. लेक माझ्याकडे बघून हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझी मान अभिमानानं ताठ झाली होती.