कोचला दिलेला बिनसाखरेचा चहा

आज सगळ्यात आधी शेजारची शांताक्का धावत आली. "सुमितला कॉलेजच्या फुटबॉल टीममधी न्यायला पावणं आल्यात. कोच पलीकडच्या पेठंचा हाय!"

मंडळी, मी सांगतीया, नात टाईप करतीया. सुमित माझा नातू, आपल्या पेठंचा गोलकीपर. पलीकडच्यांनी आपल्याला फायनलला हरवलेलं मी इसरले न्हाय. कोचला बिनसाखरेचा चहा दिला. त्यानं गुमान कप रिकामा केला नि म्हणाला,

"आजी, कॉलेजात दोन्ही पेठांची पोरं एकत्र खेळत्यात. चांगला गोलकीपर मिळाला की आमी वरच्या गटात जातोय बघा."

सुमित माझ्याच तोंडाकडं बघत हुता. मी दुसरा चहा साखर घालून आणला. म्हटलं, "न्या की!"

तुमी तुमचा नातू धाडला असता का वो? कोच रविवारी परत येतो म्हणालेत, तांबड्या रश्श्याला.