चार चौकटी, तीन बाण

माणूस गेला की त्याचे किस्से वाढतात. छापखान्यासमोरच्या नारायणच्या हॉटेलात माझ्या भावाचा रोज एक नवा किस्सा निघतो. तो जाऊन दोन महिने झाले. एवढ्यात इतके निघाले, की तेवढं सगळं करायला त्याला शंभर वर्षं जगावं लागलं असतं. जगला सत्तावीस. मुदतीच्या तापानं गेला.

परवा नारायण गिऱ्हाइकांना सांगत होता, "वसंता म्हंजे काय बावा, दातानं पितळ वाकवे!"

दातानं! मी त्याच्या हातातली बशी हिसकून रस्त्यावर फेकली. लोक म्हणाले, गजूचं डोकं फिरलं. फिरलंच आहे! म्हणून खरं काय ते मीच सांगतो.

अकोल्यात एकाच छापखान्यात आम्ही दोघं भाऊ. तो जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवणारा. मी पायानं चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनवर. छापखान्यात सगळं सरळ असतं. खिळा सरळ, ओळ सरळ, चौकटसुद्धा सरळ पितळी पट्ट्यांची. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांना एका चौकटीतून निघून वळसा घेत दुसऱ्या चौकटीत शिरणारा बाण पाहिजे असतो. त्यासाठी नागपूरहून जस्ताचा ठसा करून आणावा लागतो. आमच्याकडं लागत नव्हता. आमच्याकडं भाऊ होता.

त्यानं जुळवलेलं शेवटचं पान कपाशीच्या बोंडअळीचं. चार चौकटी: अंडं, अळी, कोष, पतंग. बाणही चार पाहिजेत. तीन झाले आणि भाऊ गेला. मालक म्हणाले, "मोडून टाक ते पान." मला ते पान छापून पाहिजे होतं. माझं सगळ्यांशी जे भांडण झालं ते एवढ्यावरच.

*

पहिला वाकडा बाण दर्यापूरच्या एका मास्तरसाठी झाला. त्यांचं आरोग्याचं छोटं पुस्तक होतं. चौकटी तीन, एका ओळीत: माशी, पोट, ताट. बाण माशीकडून ताटाकडं.

मालक म्हणाले, "बाण म्हटला का सरळ असते. वसंता, लावून दे सरळ."

भाऊनं लावला. मास्तरनं प्रूफ पाहिलं आणि चष्मा काढला. "अहो, सरळ नेला तर माशी आधी पोटात जाते अन् मग ताटात येते! पोरं काय शिकतील?"

भाऊनं पितळी पट्टी घेतली आणि सोड्याच्या बाटलीवर दाबून वाकवली. तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. मग त्याला सुचलं, की पितळ तापवून लाल करावं, पाण्यात बुडवावं आणि मग वाकवावं. त्यानं पट्टी चिमट्यात धरून समोर नारायणच्या शेगडीत घातली. पितळ मऊ झालं, बाटलीभोवती गुंडाळलं तर पोळीसारखं वळलं.

नारायण तेव्हा ओरडला होता, "अबे, चहात पितळ उतरीन! हट तिकडं! दुसरी शेगडी नाही काय गावात?"

तोच नारायण आता दातांचा किस्सा सांगतो!

*

बाण वाकवणं सोपं. तो जागेवर बसवणं अवघड. सरळ पट्टीच्या बाजूला सरळ तुकडे बसतात, पण वाकड्या पट्टीच्या पोटात जी खोल जागा राहते तिथं काय भरायचं? रिकामी ठेवली तर मशीन चालू झालं की बाण हलतो.

भाऊनं कागदाचा लगदा भरून पाहिला. वाळला की आकसतो. लाकडाच्या ढलप्या भरल्या, त्या निसटतात. शेवटी त्यानं डब्यातल्या भाकरीसाठी आणलेलं ज्वारीचं पीठ घट्ट मळलं आणि भरलं. वाळून दगड झालं. आम्ही खूश होऊन घरी गेलो.

सकाळी येऊन पाहतो तर पोकळी साफ! उंदरांनी चाटून पुसून खाल्लं होतं, आणि बाण बाजूला आडवा पडलेला.

आमचे म्हातारे मशीनमन रहीमचाचा कमरेवर हात ठेवून पानावर वाकले. मग म्हणाले, "वसंता, चूहे ने करेक्शन मारा है. दस्तखत भी करके गया!"

खरंच, चौकटीच्या कोपऱ्यात लेंड्या होत्या.

त्या दिवसापासून भाऊ पिठात कडुनिंबाचा पाला वाटून घालू लागला. हा शोध कुणाच्या नावावर आहे? कुणाच्याच नाही. मालकांना विचारा, ते म्हणतील, "आमच्या छापखान्याची पद्धत."

*

अकोटच्या बाजूच्या एका जिनिंग सोसायटीचा अहवाल आला होता. त्यात कारभाराची आकृती: वर अध्यक्ष, बाजूला उपाध्यक्ष, खाली सभासद. दोघांकडून सभासदांकडं एकेक वाकडा बाण.

अध्यक्ष प्रूफ पाहायला आले. धोतर, काळी टोपी, मागं दोन माणसं.

"हा उपाध्यक्षाचा बाण माह्या बाणापेक्षा मोठा कावून दिसते?"

भाऊ म्हणाला, "साहेब, तुमची चौकट सभासदांच्या जवळ हाये. म्हणून छोटा."

"जवळ असो का दूर असो, बाण मोठा पाह्यजे!"

भाऊनं त्यांचा बाण समासाकडून फिरवून आणला. दुसऱ्या दिवशी उपाध्यक्ष आले. त्यांनी बोटानं मोजून पाहिलं आणि म्हणाले, "आमी काय सोसायटीत झाडू माराले आलो काय?" त्यांचाही वाढला. मग पुन्हा अध्यक्ष. चार दिवसांत बाण इतके फुगले की सभासदांच्या चौकटीला जागा उरेना. ती नखाएवढी करून तळाशी टाकली.

शेवटी भाऊनं एक दिवस दोन्ही बाण एकाच बाटलीवर वाकवले, अगदी सारखे. अध्यक्षांना सकाळी बोलावलं, उपाध्यक्षांना दुपारी. दोघांनाही हळूच सांगितलं, "साहेब, कुणाले सांगू नका. एक केसभर तुमचाच मोठा ठेवला हाये."

दोघंही मिशीत हसत गेले. सभासदांची चौकट छोटी राहिली, त्याबद्दल मात्र कुणी आलं नाही!

*

आता प्रोफेसर. शेतकीचे प्रोफेसर, अमरावतीहून एस.टी.नं यायचे. बगलेत छत्री, हातात आकृत्यांची गुंडाळी. कपाशीच्या किडींवरचं पुस्तक त्यांचंच.

पहिल्याच दिवशी ते भाऊच्या मागं येऊन उभे राहिले आणि जुळवलेल्या पानाकडं पाहून ओरडले, "उलटे लावलेत! सगळे बाण उलट दिशेनं लावलेत तुम्ही!"

खिळा आरशातल्यासारखा उलटा असतो, तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. छापखान्यात झाडू मारणाऱ्याला हे ठाऊक असतं. भाऊनं सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "मी बारा वर्षं शिकवतो आहे. मला दिशा कळते."

भाऊनं चिमटा उचलला. दुपारभर बसून त्यानं सगळे बाण फिरवले आणि प्रूफ काढून समोर धरलं. पतंगाचा कोष झाला होता, कोषाची अळी झाली होती आणि अळी अंड्यात शिरली होती!

प्रोफेसर एकदा कागदाकडं, एकदा पानाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "प्रूफ नीट निघालेलं नाही."

मी हातातला शाईचा रूळ आपटला. मी त्यांना काय बोललो असतो देव जाणे! पण भाऊनं माझं मनगट धरलं. "गजू, मशीनवर जाय."

मी गेलो. तो पुन्हा बसला आणि सगळे बाण परत फिरवले. का धरलं माझं मनगट? बोलू द्यायचं होतं!

*

एकदा त्यानं मला शिकवायला घेतलं. "पट्टी पाण्यातून काढली का लगेच वाकव. जोर नाही लावायचा. तिले वाटलं पाह्यजे का आपणच वळून राहिलो."

मी जोर लावला. तुटली. तीन तुटल्या. चौथी मी भिंतीवर फेकून मारली.

"मले नाही येत! अन् मी कावून शिकू? तू हायेस ना!"

त्यानं वाकून तुकडे गोळा केले. हा किस्सा हॉटेलात कुणी सांगत नाही, कारण तो माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

*

बोंडअळीचं पान त्यानं जुळवून ठेवलं आणि तापानं आडवा झाला. आई गावाहून आली. नवव्या दिवशी प्रोफेसरांची चिठ्ठी आली. मालकांनी ती आमच्या खोलीवर पाठवली. आम्हा दोघांत वाचणारा तोच. त्यानं पडल्या पडल्या मोठ्यानं वाचली. "बाण चौकटींच्या आतल्या बाजूने घेतले आहेत. ते बाहेरच्या बाजूने घ्यावेत."

मी म्हणालो, "फाडून टाक."

आई म्हणाली, "वसंता, अंग पाह्य किती तापलं!"

तो टांगा करून छापखान्यात गेला. आम्ही दोघांनी धरलं तरी गेला. परत आला तेव्हा बोटं भाजलेली होती आणि दातांवर दात आपटत होते. म्हणाला, "तीन घेतले बाहेरून. चौथा आतला काढून टाकला, बाहेरून बसवायचा राह्यला. उद्या."

आता सांगा, त्याला कुणी मारलं? ताप होता, मान्य. पण ती चिठ्ठी? आणि ती खोलीवर पाठवणारे मालक? आणि त्याला घट्ट धरून न ठेवणारा मी?

*

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर टेबलावर नागपूरचा ठसा. जस्ताचा, चकचकीत. चार चौकटी, चार बाण, सगळे गोल गरगरीत.

मालक म्हणाले, "गजू, उद्या मी अमरावतीले साखरपुड्याले चाललो. हा लावून पाचशे काढून ठेव. ते जुनं पान मोडून खिळे खणात टाक."

"नाही मोडत."

"अबे, अर्धवट हाये ते! पतंगापासून अंड्याकडं बाणच नाही. कसं छापशीन?"

ते गेल्यावर मी चौथा बाण करायला बसलो. पट्टी तापवली, बुडवली, वाकवली. तुटली. सात तुटल्या. रहीमचाचा मशीन सोडून आले. आठवी पट्टी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

मग मी भाऊचं पान तसंच मशीनवर चढवलं. तीन बाणांचं. पाचशे कागद काढले.

मालकांनी आल्यावर पाहिलं आणि कागद जमिनीवर फेकला. आवाज रस्त्यापर्यंत गेला. "चालता हो! प्रोफेसरले मी काय तोंड दाखवू?"

तोंड दाखवायची वेळ लगेच आली. सकाळच्या एस.टी.नं प्रोफेसर हजर. त्यांनी एक कागद उचलला. "चौथा बाण?"

मालक म्हणाले, "साहेब, ह्या पोराचं डोकं..."

मी मध्येच म्हणालो, "तो करणारा मेला. तुमची चिठ्ठी आली तवा त्याच्या अंगात ताप होता. त्या तापात उठून त्यानं हे तीन बाहेरून घेतले. तुमाले बाहेरून पाह्यजे होते ना? घ्या!"

मालकांनी माझ्या थोबाडीत मारली. प्रोफेसर छत्री घेऊन निघून गेले. कागद तेवढा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी उरलेला पगार मागायला गेलो होतो, तेवढ्यात ते पुन्हा आले. खिशातून काळ्या शाईची दौत आणि टाक काढला. भाऊच्या स्टुलावर बसले, पाचशे कागदांचा ढीग पुढं ओढला आणि पहिल्या कागदावर पतंगाच्या चौकटीपासून अंड्याच्या चौकटीपर्यंत हातानं बाण काढला. बाहेरच्या बाजूनं. बाण वाकडातिकडा आला.

मालक धावले. "साहेब, हे काय! ठसा तयार हाये, आजच्या आज नवे काढून देतो!"

त्यांनी वर पाहिलं नाही. मला म्हणाले, "तू वाळत घाल."

मी दोरीवर एकेक कागद टाकत गेलो. संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत साठ झाले. दुसऱ्या दिवशी ते परत आले. तिसऱ्या दिवशीही. बोटं काळी, बाहीला डाग. दोरी भरली की मी वाळलेले काढायचो. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "साहेब, आता बस करा." त्यांनी टाक खाली ठेवला आणि बोटं चोळत विचारलं, "हे तीन बाण बाहेरून घ्यायला त्याला किती वेळ लागला होता?"

"सकाळी गेला होता," मी म्हणालो. "दिवे लागले तवा आला."

त्यांनी समोरच्या कागदावर फुंकर मारली, तो माझ्या हातात दिला आणि टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"मग बस म्हणू नकोस," ते म्हणाले. "पुढचा कागद दे."