शालिग्रामचं मनगट

पस्तीस-छत्तीस साली वाशीमच्या कापसाच्या एका जिनात वीज बनवणारा डायनामो आला, तेव्हा इंझोरीचा चंपत माळी तिथं तारा जोडायला लागला. आयुष्यभर मळ्यातलं पाणी वळवलेला माणूस. वीजही त्यानं तशीच ओळखली.

मुकादम शालिग्राम म्हणाला, "रुईच्या अंधाऱ्या कोठीत दहा दिवे लाव. ही बारीक तार पडून आहे, हीच ओढ."

"दहा दिव्यांची वीज लय होते. बारीक तारेत ते अडते, तार तापते. अरुंद दांडात मोटेचं पाणी रेटलं तं बांध फुटतेच ना? मले जाड तार द्या."

"मले शिकवतं काय बे?" म्हणत शालिग्रामनं यंत्राचा चामडी पट्टा उचलला आणि चारचौघांत चंपतची पाठ सोलून काढली. तार दुसऱ्याकडून ओढून घेतली.

तिसऱ्या दिवशी तीच तार तापून रुई पेटली. आत चंपतची बायको अंजना रुई भरत होती. ती वाचली, पण दोन्ही तळहात जळून गेले.

चंपतनं शालिग्रामची गचांडी धरून त्याला डायनामोपाशी फरफटत नेलं. त्याच बारीक तारेचं उरलेलं वेटोळं रबरी वेष्टनासकट त्याच्या मनगटाला आवळलं, दहा दिव्यांना जोडलं आणि डायनामो सुरू केला. रबर वितळून कातड्यात उतरलं, तेव्हा कुठं लोकांनी चंपतला मागं ओढलं.

जेल भोगून आल्यावर तो दुसऱ्या जिनांत तारा जोडत फिरला. कोणी विचारलंच, "चंपतबुवा, तार जाडच काहून पाह्यजे?" तर तो एवढंच म्हणे, "वाशीमले जा. शालिग्रामले बाही वर कराले सांगा."