खुंटीवरची फावडी

गुळवे आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं उकळत्या पाकात जायची आणि सुखरूप परत यायची. आधी गार पाण्याच्या तांब्यात, मग काहिलीत, मग पुन्हा तांब्यात. बोटांना चिकटलेल्या पाकाची गोळी वळून ते ती काहिलीच्या काठावर आपटत. टण्ण आवाज आला की म्हणत, "उतरा." तोवर काहिलीला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती, मालक असून माझीही नाही.

आबा वरकुट्याचे. दिवाळी झाली की तीन गडी घेऊन आमच्या काटेवाडीच्या गुऱ्हाळावर येत आणि सगळा हंगाम ठरल्या रकमेवर उक्ता घेत. "चाकरी न्हाय करत मी. ऊस तुमचा, काहील तुमची, गूळ कसा हुईल ते माझं," हे पहिल्या दिवशीच बजावत. स्वभाव तिखट. रसावर मळी राहिली म्हणून एका गड्याला त्यांनी भरल्या ताटावरून उठवलं होतं, आणि मग स्वतःही जेवले नव्हते.

आमच्यात कधी कागद झाला नाही. हंगाम संपला की गूळ घोटायची लाकडी फावडी ते धुऊन, तेल लावून आमच्या छपरातल्या खुंटीला अडकवत. फावडी राहिली म्हणजे पुढचं साल आबांचं. "मोडायचं आसंल तर फावडी घरी धाडा. बोलायची गरज न्हाय." नऊ-दहा सालं ती खुंटीवरच राहिली.

मग इंदापूर तालुक्यात साखरेचा कारखाना उभा राहिला. गुळाला उठाव नव्हता, आजूबाजूची गुऱ्हाळं एकेक करून थंड पडली. मीही माझा ऊस कारखान्याला बोलून बसलो. फावडी मात्र धाडली नाही. आज धाडू, उद्या धाडू म्हणत दिवाळी आली. खरं सांगायचं तर धाडायला तोंड नव्हतं.

भाऊबीजेनंतर आबा गड्यांसह हजर. समोर माझ्या उसाच्या मोळ्या कारखान्याच्या गाडीत चढत होत्या. आबांनी छपरात डोकावून पाहिलं.

"फावडी तर हितंच हाय की," एवढंच म्हणाले.

मी कारणं सांगत राहिलो. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली, घोटभर पाणी प्यायले आणि गड्यांना म्हणाले, "चला रं." त्या दिवशी ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

गडी पांगले. आबा त्याच कारखान्यात लागले. दोन वर्षांनी फाटकाबाहेर भेटले, तेव्हा छातीवर नंबराचा पितळी बिल्ला होता. काम मोळ्या उतरवायचं.

"पाक कोण बघतं आता?" मी विचारलं.

"काचंची नळी बघती म्हनं. आमाला तिकडं जाऊ देत न्हाईत."

"करमतं का?"

"मानसं लई हाईत, दत्तूराव. पर भोंगा वाजला की यायचं, वाजला की जायाचं. माझ्या हातात काय हाय, हे कुनी इचारलंच न्हाय."

मला राहवलं नाही. म्हणालो, "आबा, थोडा ऊस राखलाय. एक काहील लावू. या."

"फावडी हाय?"

"जिथं ठेवली तिथंच."

एक दिवसाची रजा काढून ते आले. दिवसभर जुने आबा गुऱ्हाळावर फिरत होते. जाळ कमी झाला म्हणून त्यांनी माझ्यावरच तोंड टाकलं, आणि मला हायसं वाटलं. पाक फुगून आला तशी त्यांनी बोटं तांब्यात बुडवली, मग काहिलीत घातली. हात झटकन मागं आला. पुन्हा घातली, पुन्हा तेच. तेवढ्यात पाक पुढं गेला, जास्त शिजला.

आबा बोटांकडे बघत होते. "मऊ कातडं आलंय," म्हणाले. "नवं."

उतरलेला काळपट गूळ त्यांनी स्वतःच घोटला, ढेप घातली. फावडी धुतली, पुसली. ती आता खुंटीला जाईल म्हणून मी बघत राहिलो. त्यांनी ती खांद्यावर घेतली.

"येतो, दत्तूराव."

ठेवा हो आबा, असं मी म्हणायला हवं होतं. पण पुढच्या सालचा ऊसही मी कारखान्याला देऊन बसलो होतो, आणि ते त्यांना न सांगता कळलं होतं. ते बसले ती सर्व्हिस मोटार वळणापर्यंत गेली तरी फावडीचा दांडा खिडकीबाहेर दिसत होता.

छपरात आता कडबा रचतो. खुंटी तशीच आहे. चुकून कुणी तिला सदरा अडकवला तर मी तो काढून दुसरीकडे ठेवतो.