गुरुवारचा नमुना

डाव भांड्याच्या काठावर दोनदा आपटायचा. अंडं फोडण्याआधी कानाशी नेऊन हलवायचं. चाखलेला चमचा पुन्हा भांड्यात बुडवणाऱ्याचा उद्धार करायचा. फ्रीजरशी बोलायचं, तेही अरेतुरेत. रोजच्या जेवणातला वाटीभर भाग बरणीत भरायचा, झाकणावर तारीख घालायची आणि आठवडाभर गोठवून ठेवायचा.

पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये आक्का सव्वीस वर्षं हेच करत आली. नमुना ठेवायचा नियमच होता, पण पाळणारी ती एकटी. कामगार त्या बरण्यांना आक्काचा खजिना म्हणत.

त्या बुधवारी कंत्राटदाराच्या मेहुण्याने तडकलेल्या अंड्यांचे सहा ट्रे आणून आदळले. कँटीनचा कारभार या मेहुण्याकडेच होता. ही वापरायची नाहीत, असं आक्काने सांगितलं. तुझ्या बापाचा माल आहे का, असं त्याने विचारलं. गुरुवारी पावात भरायला कच्च्या अंड्यांचा सॉस करायचा होता. तिने केला. असे ट्रे आधीही आले होते आणि कुणाला काही झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी एक जण यंत्रावरच ओकला. दुसरा त्याला हसला आणि तासाभरात तोही आडवा झाला. संडास चार, माणसं एकेचाळीस. कुणी मोरीत बसलं, कुणी गोदामात पुठ्ठ्यांच्या थप्पीआड. आतडी पिळवटून निघत होती. दुपारपर्यंत काहींना रक्त पडू लागलं.

त्यांच्यात आक्काचा धाकटा भाऊ होता. बाकीच्यांनी दोन पाव खाल्ले तिथे याने चार हाणले होते, बहिणीच्या हातचे म्हणून. इस्पितळात त्याला खाटेला बांधावं लागलं. तापाच्या भरात तो सलाइनच्या सुया उपटून काढायचा, चादर लाल व्हायची. जंतू रक्तात शिरले होते. शुद्धीवर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "आक्का, मीठ मात्र बरोबर होतं गं."

रविवारी दुपारी तो गेला.

कंत्राटदाराने हात वर केले. हे लोक बाहेर काहीबाही खाऊन आले, भरपाईचा प्रश्नच नाही. कामगारांची बाजू घेतलेल्या वकीलबाई म्हणाल्या, गुरुवारचं अन्न हाती लागलं तर त्याचं तोंड बंद होईल. ते अन्न फक्त आक्काच्या बरणीत होतं. आणि ते बाहेर आलं की पहिलं बोट आक्काकडेच वळणार होतं.

सोमवारी भावाला पोचवून ती थेट कँटीनमध्ये गेली. बरणी काढली, बर्फ घालून पिशवीत ठेवली. मेहुणा मागे येऊन उभा होता. त्याने पिशवी मागितली. तिने दिली नाही. त्याने तिचा उजवा हात फ्रीजरच्या कडेवर दाबला आणि झाकण आदळलं. मग पुन्हा आदळलं. हाडं मोडल्याचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. डाव्या हाताला डाव लागला. तो तिने त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. ती पिशवी घेऊन पळाली.

घरी पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं. हात कोपरापर्यंत सुजलेला, डोकं बधिर. अन्न फ्रीजरबाहेर राहिलंय, एवढंच तिला कळत होतं. अशा वेळी काय करायचं ते तिच्या हातांना पाठ होतं. तिने बरणी पातेल्यात रिकामी केली. शेगडी पेटवली. खळखळून उकळी आणली. गार केलं आणि धुतलेल्या बरणीत भरून झाकण घट्ट लावलं.

प्रयोगशाळेचा कागद आला. जिवंत जंतू आढळले नाहीत.

वकीलबाईंनी दोनदा विचारलं, तुम्ही ते उकळलंत?

"नासू नये म्हणून," आक्का म्हणाली.

आक्का उठली आणि प्लॅस्टरमधला हात भिंतीवर आपटत राहिली. प्लॅस्टर फुटलं तेव्हा थांबली. मग म्हणाली, माझी जबानी घ्या. अंडी तडकलेली होती, मला दिसत होती, तरी मी सॉस केला. यात तुम्हीही अडकाल, असं वकीलबाईंनी बजावलं.

"अडकू दे. वाढलं मीच."

पण त्या दिवशी जेवलं कोण? कँटीनमध्ये ना चिठ्ठ्या होत्या ना हजेरी. बरेच आजारी इस्पितळात गेलेच नव्हते, घरीच तळमळले होते. आता कोण जेवलं ते सिद्ध करू शकत होती फक्त वाढणारी बाई. कोण कुठल्या बाकावर बसलं, किती पाव घेतले, सॉस पुन्हा कुणी मागितला, सगळं तिच्या डोक्यात होतं. ती डाव्या हाताने लिहू लागली. अक्षरं दारू प्यायल्यासारखी झुलत होती. माझं अक्षर सरळ होईतो कंत्राटदार म्हातारा होईल, असं ती म्हणायची. रोज चार नावं व्हायची. वकीलबाई संध्याकाळी पानं नेऊन सहीशिक्क्यानिशी दाखल करायच्या. पहिलं नाव भावाचं होतं.

आठव्या दिवशी सकाळी पेन संपलं. नवं आणायला ती खाली निघाली. मेहुणा जिन्यात बसला होता. हातात लोखंडी पाइप होता. शेजारणीने दार उघडलं तेव्हा भिंत कमरेपर्यंत लाल झाली होती. तो पळाला नव्हता. आक्काच्या शेजारी बसून दोन दात पडलेल्या तोंडाने शिव्या देत होता. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

अठ्ठावीस जणांचे दावे उभे राहिले. उरलेले तेरा जण त्या दिवशी जेवले होते, हे सांगणारं आता कुणी नाही. वही टेबलावर उघडी होती. पानावर एकच ओळ होती, शेवटी पुसट होत गेलेली: तिसरा बाक, खिडकीजवळ, चष्मेवाला. पाव तीन, आणि